रेसिप्रो सॉ: जुनं घर उतरवताना सागवान अख्खं काढायचं असेल तर

नागपुरात महाल, इतवारी, जुनी शुक्रवारीकडे एखादं जुनं घर उतरवायला काढलं की आधी सब्बल (पहार) आणि घण येतात. भिंतीसाठी ते ठीक आहे. चौकटीला सब्बल लावली की मात्र नुकसान ठरलेलं. होल्डफास्ट म्हणजे चौकट भिंतीला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी. तिचं एक टोक भिंतीत काँक्रीटमध्ये गच्च बसलेलं असतं, दुसरं स्क्रूने सागवानाला धरलेलं असतं. जोर लावला की लोखंड सुटत नाही, लाकूड चिरतं. स्क्रूच्या रेषेत चौकटीचा उभा दांडा फाटतो आणि सीपी टीक (जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचं सागवान) किंवा बल्लारशा सागवान म्हणून बाजारात ज्याला मान आहे तो माल सरपणाच्या ढिगात जातो. इतकं मुरलेलं, इतक्या जाडीचं लाकूड नव्याने घ्यायला गेलं तर सहज मिळत नाही. म्हणून पाडकामात वायरवाली रेसिप्रोकेटिंग सॉ, म्हणजे कारागिरांची रेसिप्रो, असायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. ती घेताना लोक वॅट विचारतात आणि ब्लेड दुकानदार देईल ते घेतात. खरं तर काम ब्लेडवर ठरतं.

मशीनचं काम साधं आहे. मोटरचं फिरणं गिअरबॉक्समध्ये पुढे-मागे चालीत बदलतं आणि ब्लेड प्रत्येक फेरीला २८ ते ३२ मिमी सरकतं, मिनिटाला साधारण २७०० ते २८०० वेळा. काप फार सरळ येत नाही, कडा खडबडीत राहते. सुबक कापणीसाठी हे हत्यारच नाही. याची खुबी म्हणजे जिथे दुसरं काही शिरत नाही तिथे हे शिरतं: चौकट आणि भिंतीच्या फटीत, दोन वाशांच्या मधे, फळीच्या मागच्या खिळ्यापर्यंत. ४ इंची ग्राइंडरची डिस्क जेमतेम एक इंच खोल जाते, लाकडात अडकली तर हात फिरवते आणि वर ठिणग्या उडवते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना, वाळलेलं लाकूड, जुनी सुतळी आणि कवेलूखालचा (कौलांखालचा) काडीकचरा आजूबाजूला असताना ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे आगीला आमंत्रण. रेसिप्रोने लोखंड कापताना तशी ठिणग्यांची धार उडत नाही. जुन्या घरात माझ्या लेखी हा एकच मुद्दा पुरेसा आहे.

घर पाडायला आणि चौकटी काढायला १००० ते १२०० वॅटचं मशीन पुरतं. मकिताचं जेआर ३०५० टी १०१० वॅटचं आहे, बॉशचं जीएसए ११०० ई ११०० वॅटचं. दोन्हींचा स्ट्रोक २८ मिमी. रोज तुळया आणि जाड पाइप कापायचे असतील तरच १५०० वॅट आणि ३२ मिमी स्ट्रोककडे जावं, कारण ते मशीन वजनाला साडेचार किलोच्या आसपास जातं आणि डोक्यावर धरून कडीपाट, म्हणजे कड्या आणि फळ्यांचं छत, कापताना प्रत्येक पाव किलो जाणवतो. दुकानात चार गोष्टी हाताने तपासाव्यात. ट्रिगर हळू दाबल्यावर वेग हळू सुरू होतो का. ब्लेडचा क्लॅम्प पान्याशिवाय उघडतो का आणि ब्लेड उलटं, दाते वर करून बसतं का. पुढचा शू, म्हणजे कामाला टेकवायचा धातूचा पाय, मागे-पुढे करता येतो का. आणि ब्लेड बसवून टोक बाजूला हलवलं तर पकडीत खडखड होते का. ऑर्बिटल म्हणजे ब्लेडला किंचित वर-खाली झोका देणारी सोय. ती लाकूड भराभर कापते, पण पाडकामात खिळे आडवे येतातच, त्यामुळे ती नसली तरी अडत नाही. असली तर लोखंडाला बंद ठेवावी, नाहीतर दाते आपटून तुटतात.

ड्रिलला जोडायचं स्वस्त रेसिप्रो अटॅचमेंट मिळतं. प्लायवूडचा तुकडा कापायला ठीक, चौकटीसाठी घेऊ नका. बॅटरीचं मशीन एखाद-दोन कापांना फार सोयीचं, पण दिवसभराच्या पाडकामात आणि इथल्या उन्हात बॅटऱ्या तापून बंद पडतात. वायरवालं त्यापेक्षा स्वस्त पडतं आणि थांबत नाही. अट एकच, वीज नीट मिळाली पाहिजे.

आणि पाडायच्या घरात वीजच मोठा प्रश्न असतो. त्या घराचा पुरवठा महावितरणकडून तोडून घेतल्याशिवाय भिंतीत ब्लेड घालू नये. मेन स्विच पाडला म्हणजे झालं असं समजू नका. इन्व्हर्टर असेल तर मेन बंद झाल्याबरोबर दिवे-पंख्यांच्या लाइनमध्ये तोच करंट सोडतो. त्याच्या बॅटरीच्या तारा आधी सोडवा. सामाईक भिंत असेल तर शेजारच्यांची लाइनही त्याच भिंतीतून गेलेली असू शकते, त्यांना विचारून खात्री करा. मशीनसाठी तात्पुरती लाइन बाहेरून घ्यायची, तीही ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतून, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचमधून. बहुतेक रेसिप्रो दुहेरी इन्सुलेशनच्या असतात, त्यांना अर्थिंगची पिन नसते. त्यामुळे आरसीसीबीची गरज कमी होत नाही, कारण ब्लेड आपलीच वायर कापू शकतं. वायर नेहमी खांद्यामागून घ्यावी.

११०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर साधारण ५ अँपिअर घेतं, १५०० वॅटचं साडेसहा. म्हणजे पहिलं ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चालतं, दुसऱ्याला १६ अँपिअरचा पॉवर प्लग लागतो. एक्स्टेन्शन ३० मीटरपर्यंत असेल तर तांब्याची दीड स्क्वेअर मिमी वायर घ्या. त्यापेक्षा लांब किंवा मशीन मोठं असेल तर अडीच. टीव्ही-मिक्सरच्या बोर्डाची बारीक वायर इथे लावली की मशीनला व्होल्टेज कमी पोचतं. दुपारी एसी-कूलर सुरू झाल्यावर काही गल्ल्यांत व्होल्टेज आधीच उतरलेलं असतं, त्यात ही भर. मग मोटर मंदावते, कारागीर जास्त दाबतो, करंट वाढतो. मोटरच्या टोकाला बसलेला पंखाही मंद फिरत असल्याने आतली हवा कमी होते आणि वाइंडिंग जळतं. ‘मशीन खराब निघालं’ म्हणून दुरुस्तीला येणारी कितीतरी मशीनं अशी वायरने मारलेली असतात. रीळ असेल तर वायर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर लोडवर तापते. जनरेटर लावायचा झाला तर ११०० वॅटला अडीच केव्हीएचा घ्या.

आता ब्लेड. जवळपास सगळ्या कंपन्यांच्या मशीनला अर्धा इंची शेपटीचं एकच ब्लेड बसतं, त्यामुळे मशीन एका कंपनीचं आणि ब्लेड दुसरीचं चालतं. जिगसॉचं ब्लेड मात्र यात बसवू नका. ब्लेडवर दोन गोष्टी वाचायच्या: इंचाला दाते किती आणि लांबी किती. नुसत्या लाकडाला ५ ते ६ दाते. खिळे असलेल्या लाकडाला ६ ते १०. पाच मिमी आणि त्यापुढच्या लोखंडाला १४. त्याहून पातळ पट्टी, पत्रा आणि जीआय (जस्त चढवलेल्या पत्र्याच्या) चॅनेलला १८ ते २४. नियम असा की कापायच्या जाडीत एकाच वेळी शक्यतो किमान तीन दाते टेकलेले असावेत. १४ दात्यांच्या ब्लेडमध्ये दोन दात्यांचं अंतर १.८ मिमी असतं, म्हणजे ५ मिमीच्या पट्टीत जेमतेम तीन दाते राहतात. हेच ब्लेड १ मिमीच्या पत्र्यावर लावलं तर पत्रा दोन दात्यांच्या मधे अडकतो आणि दाते सोलून निघतात.

पाडकामाला बायमेटल ब्लेडच घ्यावं. त्याचं अंग लवचीक स्टीलचं आणि दात्यांची पट्टी हायस्पीड स्टीलची असते, म्हणून ते वाकतं पण सहसा तुटत नाही आणि खिळ्याने लगेच बोथट होत नाही. स्वस्तातलं हाय कार्बन ब्लेड फक्त नुसत्या लाकडाचं. पहिल्या खिळ्यालाच त्याचे दाते जातात. बिडाचा जुना सांडपाण्याचा पाइप कापायचा तर कार्बाइड दात्यांचं लागतं, महाग असतं, पण बायमेटल तिथे पाहता पाहता गुळगुळीत होतं.

लांबीत लोक चुकतात. ब्लेडचं टोक मागे आलेल्या चालीतही कामाबाहेर राहिलं पाहिजे. चौकटीचा ४ इंची उभा म्हणजे १०० मिमी, त्यात स्ट्रोकचे २८ मिळवले, शूची जाडी धरली, तर १५० मिमीचं ब्लेड पुरत नाही. टोक लाकडाच्या आतच आपटत राहतं आणि वाकतं. २२५ घ्या. ६ इंची तुळईला ३००. उगाच लांब ब्लेडही नको, मागे भिंत असेल तर टोक तिच्यावर आदळून ब्लेडची नागमोड होते. दोन-तीन खोल्यांच्या घराला सुरुवातीला लाकूड-खिळ्याची २२५ ची पाच, लोखंडाची १४ दात्यांची २२५ ची पाच आणि ३०० ची दोन एवढी ब्लेडं जवळ असली की काम अडत नाही.

वापरलेलं ब्लेड फेकण्याआधी नीट बघावं, ते काय चुकलं ते सांगतं. निळं पडलं असेल तर लोखंडावर वेग फार होता. मधलेच काही दाते गायब असतील तर कापलेल्या जाडीसाठी दाते फार मोठे होते. शूजवळचे दोन इंच झिजून टोकाचे दाते कोरे असतील तर शू पुढे सरकवा, नवे दाते कामाला येतील. शेपटीजवळ तुटलं असेल तर शू कामाला टेकवलेला नव्हता. नुसतं वाकलं असेल तर पकडीने सरळ करून परत लावता येतं.

शूबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण नवशिक्याचा सगळा त्रास इथेच असतो. शू कामावर घट्ट दाबलेला नसेल तर ब्लेड लाकडाला ओढतं आणि ढकलतं, मशीन हातात उड्या मारतं, काप पुढे जात नाही. मशीनचा जोर ब्लेडवर द्यायचा नाही, शूवर द्यायचा. कापण्याचं काम ब्लेड स्वतः करतं. दाबून वेळ वाचत नाही, ब्लेड तापतं.

चौकट काढताना क्रम असा ठेवावा. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू सोडून पल्ले उतरवा. मग चौकटीवर भार आहे का ते पाहा. वर आरसीसी लिंटेल, म्हणजे दारावरची काँक्रीटची आडवी तुळई, असेल तर निश्चिंत, पण जुन्या विटांच्या घरात कधी वरची वीट थेट लाकडावर टेकलेली असते. तसं असेल तर आधी बल्ल्यांचे टेकू, मग कापणी. भार नसल्याची खात्री झाली की दोन्ही उभ्यांच्या तळाशी दोन बाय एक इंचाची आडवी पट्टी ठोका आणि एक तिरपी पट्टी मारा. उंबरठा नसलेली चौकट सुटल्यावर पाय फाकवते आणि वरचा सांधा उघडतो. होल्डफास्ट प्रत्येक बाजूला बहुधा तीन असतात, एक जमिनीपासून फूटभर वर, एक वरून फूटभर खाली, एक मधे. चौकटीलगतचा प्लास्टर छिन्नीने बोटभर रुंद काढला की ते दिसतात. दिसले नाहीत तर चुंबक फिरवा.

इथे १४ दात्यांचं २२५ मिमीचं ब्लेड. ते भिंतीच्या फटीत वाकवून होल्डफास्टच्या पट्टीला आडवं लावायचं. शूखाली पत्र्याची किंवा प्लायची चकती ठेवा, नाहीतर सागवानावर त्याचा ठसा उठतो आणि रंधा मारूनही जात नाही. ट्रिगर अर्धा, वेग कमी, पट्टीवर मशीन ऑइलचे दोन थेंब. ब्लेड चौकटीकडे सरकलं तर लगेच कळतं: आवाज जाड होतो आणि जळक्या लाकडाचा वास येतो. बारीक दाते लाकडात भुसा अडकवून घासतात, त्याचाच तो वास. थांबा, ब्लेड भिंतीकडे दाबून पुन्हा सुरू करा. खालचे दोन, मग मधले, वरचे शेवटी. वरचे कापताना दुसऱ्या माणसाने चौकट धरलेलीच असावी. पाय फरशीत इंच-दीड इंच गाडलेले असतात. चौकट दुसरीकडे बसवायची असेल तर पाय कापू नका, फरशी फोडा. उंची गेली की सात फुटी दारासाठी ती निकामी. फक्त लाकूड विकायचं असेल तर ब्लेड उलटं लावून जमिनीलगत कापलं तरी चालतं.

तुळई कापताना धोका वेगळा आहे. दोन्ही टोकांना टेकलेली तुळई मधे कापली की तिचा वरचा भाग दबलेला असतो, खालचा ताणलेला. वरून कापत गेलात तर काप मिटतो आणि ब्लेड पकडलं जातं. मशीन मात्र मागे-पुढे होतच राहतं आणि तोल जातो. कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना टेकू द्या, वरून तिसरा हिस्सा कापा, कापात लाकडाची पाचर बसवा, उरलेलं खालून. भिंतीतून नुसत्या बाहेर आलेल्या टोकाला हे उलट: खालून थोडं आधी, मग वरून. कडीपाटात आधी पाटाच्या फळ्या मोकळ्या करायच्या. फळी आणि कडीमध्ये ब्लेड घालून खिळे कापले की फळी अख्खी निघते. फळीवर उभं राहून तिचेच खिळे कापू नका. हे लिहावं लागतं, कारण घाईत कारागीर तसं करतात.

नव्या चौकटी-फ्रेमच्या कामात रेसिप्रोला मर्यादित जागा आहे. सरळ काप सर्क्युलर सॉने किंवा कटऑफ मशीनने करावा. उभ्या असलेल्या पार्टिशनमध्ये दार किंवा एसीची खिडकी काढायची, शेडच्या वाशांची वाढलेली टोकं जागेवर उतरवायची, चुकीच्या जागी ठोकलेला उभा दांडा खिळे कापून हलवायचा, तिथे ही लागते. दांड्याच्या तोंडाशी ब्लेड घालून खिळे कापले की दांडा चिरत नाही. प्लायवूडमध्ये भोक न पाडता शिरायचं तर शूची खालची कड टेकवून, ब्लेड पृष्ठभागाला जवळपास समांतर ठेवून, मशीन सुरू करून हळूहळू उभं करायचं. हे फक्त लाकडात. पत्र्यात असं केलं की टोक आपटून उसळतं. जीआय चॅनेलला मात्र पत्रा-कात्रीच बरी, काप स्वच्छ येतो.

जुना सिमेंटचा पत्रा या मशीनने कधीच कापू नये, ग्राइंडरनेही नाही. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुफ्फुसात बसली की निघत नाही. पत्रा ओला करून, जे-बोल्टचे नट खोलून अख्खा उतरवा. बाकी कापणीला एन९५ मास्क, चष्मा आणि कानाला प्लग. हातांचं कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. कामाच्या वेळी रेसिप्रोची कंपनं १५ ते २० मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी असू शकतात. युरोपच्या नियमात दिवसाची मर्यादा आठ तासांच्या हिशेबाने ५ आणि काळजी घ्यायची पातळी २.५ आहे. २० धरलं तर साडेसात मिनिटांत काळजीची पातळी आणि अर्ध्या तासात मर्यादा संपते. हा वेळ ट्रिगर दाबलेला असतानाचा. म्हणून दोघांनी आळीपाळीने कापावं, ब्लेड धारदार ठेवावं आणि बोटांना मुंग्या येऊन त्या रात्रीही गेल्या नाहीत तर पुढचे काही दिवस मशीन हातात घेऊ नये.

रोज काम संपल्यावर प्लग काढून क्लॅम्प ब्रशने झाडा. विटांचा चुरा त्यात बसला की ब्लेड अडकतं. कार्बन ब्रश ५-६ मिमीवर आले किंवा मोटरमध्ये ठिणग्या वाढल्या की जोडी एकदमच बदला.

काढलेलं लाकूड लकडगंजला आरा मशीनवर चिरायला नेण्याआधी एक काम उरतं. रेसिप्रोने खिळा कापला की लाकूड सुटतं, पण मुंडा, म्हणजे खिळ्याचा उरलेला तुकडा, लाकडातच राहतो आणि कापलेली जागा सपाट असल्याने नजरेला दिसत नाही. बँड सॉच्या पट्ट्याला तो लागला तर पट्टा खराब होतो आणि मिलवाले पुढचा माल घेत नाहीत. म्हणून कापतानाच प्रत्येक मुंड्याभोवती खडूने गोल करा. संध्याकाळी लाकूड आडवं ठेवून चुंबक फिरवा, मुंडे पोगराने (खिळा ढकलायच्या बोथट लोखंडी खिळीने) मागून ठोकून बाहेर काढा. जे निघत नाहीत त्यांच्याभोवती ६ मिमीच्या ड्रिलने तीन भोकं पाडून पकडीने ओढा. होल्डफास्टचे स्क्रूही तेव्हाच काढा. स्क्रू गंजून अडकला असेल तर डोक्यावर हातोडीचा एक ठोका देऊन मग पेचकस लावा, तो सुटतो.